कोंबड्यांसाठीं आंबविलेला कोंडा

कोंकणांतील गिरणीवर भात भरडून झालें, म्हणजे तांदूळ घरीं येतो आणि मागें तूस व कोंडा उरतो. ह्या दोहोंस एकच समजण्याचा घोटाळा पुष्कळ ठिकाणीं होतो. तूस म्हणजे दाण्याचें बाहेरचें टरफल. कोंबडीच्या पोटाला त्याचा उपयोग जवळजवळ नाहीं. कोंडा हा मात्र तुसाखालचा, दाण्याला चिकटलेला थर. त्यांत शेंकडा १२ ते १४ प्रथिनें असतात, तेलही बरेंच असतें. जुन्या हलरच्या गिरणींत दोन्ही मिसळून निघतात. म्हणून चाळणें हें पहिलें काम होय.

कोंबड्या पाळण्यांत सर्वांत मोठा खर्च खाद्याचा. अंड्यांचे चार पैसे घरच्या बाईच्या गांठीला राहावयाचे, तर कोंड्यासारख्या वस्तूचा उपयोग केलाच पाहिजे. पण तो नुसता कोरडा टाकून भागत नाहीं. त्यांतील बहुतेक फॉस्फरस फायटिक आम्लांत जखडलेला असतो, आणि तो सोडविण्याचें सामर्थ्य कोंबडीच्या आंतड्यांत फारच थोडें. आंबविल्यानें ही अडचण बरीच हलकी होते. दुसरी अडचण खवटपणाची. दाण्यापासून सुटतांच कोंड्यांतील तेल बिघडूं लागतें. पावसाळ्यांत तर फारच लवकर. त्यावर ताजा कोंडा घेणें हाच उपाय. खवटलेला कोंडा आंबविल्यानें सुधारत नाहीं.

आंबोळीचें पीठ जिच्या हातचें चांगलें फुगतें, तिला ही कृति सांगावी लागणार नाहीं. कोंड्यावर पाणी व थोडें ताक शिंपडावें. मुठींत दाबला असतां गोळा व्हावा, पण पाणी गळूं नये, इतकाच तो भिजवावा. मग बरणींत ठासून भरावा, म्हणजे आंत हवा राहत नाहीं, आणि झांकण सैलसर ठेवून बरणी सावलींत ठेवावी. ताकांतील जंतु लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आंबटपणांत अपायकारक जंतूंना वाढणें कठीण जातें. उष्ण हवेंत दोन-तीन दिवसांत स्वच्छ आंबट वास सुटतो. लोणच्याच्या संवयीनें हात मिठाकडे जाईल, तो आवरावा. जादा मीठ कोंबडीला बाधतें.

खरें भय आहे तें बुरशीचें. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण शोधतां त्यांच्या खाद्यांतील भुईमुगाच्या पेंडींत बुरशीचें विष सांपडलें. त्याला पुढें ॲफ्लाटॉक्सिन हें नांव मिळालें. हें विष उकळूनही जात नाहीं. यास्तव बरणींत हिरवट, काळा वा केंसाळ थर दिसला, तर वरचा काढून खालचा वांचविण्याची काटकसर करूं नये. सारी बरणी खड्ड्यांत पुरावी. एका बरणीपायीं सगळें खुराडें रिकामें होणें परवडत नाहीं.

आंबविलेला कोंडा हा पुरा आहारही नव्हे. दाण्याच्या खुराकांत आरंभीं दहावा हिस्सा मिसळून पाहावा, आणि विष्ठा पातळ न झाल्यास हळूहळू वाढवावा. अंड्याच्या एका कवचाला सुमारें २ ग्रॅम कॅल्शियम लागतें. कोंड्यांत तें अगदींच थोडें. किनाऱ्यावरच्या घरांतून तिसऱ्यांच्या शिंपा उकिरड्यावर जातात. त्या धुवून, कुटून वेगळ्या भांड्यांत ठेवाव्या. कोंबडी गरजेप्रमाणें वेंचते. ओला कोंडा उरला तर संध्याकाळीं टाकून द्यावा, आणि भांडें धुवून उन्हांत वाळवावें.