चार बोटांचा चौकोन



मी संगमनेरचा, म्हणजे शाहीर अनंत फंदींच्या गावचा. त्यामुळे रेडिओवर मला बोलावलं की मी कवितेवरच बोलणार, असं सगळे धरून चालतात. पण आज मी शिवणकामावर बोलणार आहे. कवी आणि बी.ए. मी नंतर झालो. त्याआधी अब्बांच्या दुकानात बसून काजं-बटणं करत होतो.

अब्बा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. मशीन कधीच बंद झालं. डोळ्यांना फार थोडं दिसतं. पण कापड हातात दिलं, की बोटं आपोआप शिवणीवरून फिरू लागतात.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी भाची तेव्हा नववीत होती. तीन हजार मीटर धावायची. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या कविता राऊतचा फोटो तिच्या वहीत असायचा. सावरपाड्याच्या या मुलीनं २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं होतं. भाची पहाटे प्रवरेच्या पुलाकडे धावायला जायची. थंडी असायची, म्हणून मी तिला एक तयार जॅकेट आणून दिलं. रंग छान, चेन छान. मामा म्हणून मीही खूश.

आठ दिवसांनी तिच्या सरांनी निरोप धाडला, मुलगी एकच हात हलवून धावते, तिला काही दुखतंय का?

दुखत काहीच नव्हतं. हात पुढे-मागे झाला, की जॅकेट वर चढायचं आणि पाठ उघडी पडायची. रस्त्यावर माणसं असतात. म्हणून ती एका हातानं जॅकेट खाली ओढून धरायची आणि दुसऱ्या हातानं धावायची. माझी बहीण म्हणाली, "एक नंबर मोठं आण, ढगळ असलं की झालं." मी मोठं आणलं. ते आणखीच चढायला लागलं, वर वारा भरून शिडासारखं फुगायचं. शेवटी बहीण म्हणाली, "पुरे झालं ते धावणं." भाची काही बोलली नाही. चार दिवस पहाटे उठलीच नाही.

पाचव्या दिवशी अब्बांनी तिला जवळ बोलावलं. जॅकेट घालून हात वर करायला सांगितलं आणि खाकेत बोटं घालून चाचपलं. म्हणाले, "कापड भरपूर आहे. मुंढा खाली उतरलाय."

श्रोतेहो, अंगात सदरा असेल तर आत्ता एक हात वर करून पाहा. खाकेपासून कमरेपर्यंतची बाजू ताणली जाते. हात उचलायला तिथं जास्तीचं कापड लागतं. ते तिथं नसेल, तर बाही ते कमरेकडून ओढून घेते आणि खालची कड वर चढते. मुंढा जितका खाली, तितकी ही ओढ जास्त. म्हणून ढगळ जॅकेट मोकळं असेलच असं नाही. मोठ्या मापात घेराबरोबर मुंढाही खाली जातो. उलट मुंढा खाकेजवळ, वर घेतला, तर अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यातही हात मोकळा फिरतो.

यावरचा उपाय आपल्याकडे जुना आहे. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत लोक आजही बाराबंदी घालतात. जुन्या पद्धतीची बाराबंदी किंवा कुडता उलटा करून पाहा, खाकेत एक चौकोनी तुकडा सापडेल. त्याला बगली म्हणतात. चौकोनाचं एक टोक बाहीच्या शिवणीत, समोरचं टोक कुशीच्या शिवणीत आणि उरलेली दोन मुंढ्यात. हात खाली असला की तुकडा दुमडून गप्प बसतो, हात उचलला की पतंगासारखा उघडतो. शिवाय ओढ कापडावर तिरपी, म्हणजे उरेब पडते, आणि विणलेलं कापड उरेब दिशेनंच जास्त ताणलं जातं. युरोपातल्या जुन्या सदऱ्यांतही अशी बगली असे. पुढे तिकडे गळ्यापासून खाकेपर्यंत तिरपी शिवण असलेली रॅगलन बाही आली. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत उजवा हात गमावलेल्या लॉर्ड रॅगलनचं नाव तिला मिळालं. खेळाडूंच्या कितीतरी टी-शर्टांना आज हीच बाही असते.

अब्बांनी मला पहिल्या जॅकेटची टीप उसवायला लावली आणि चार बोटांची बगली बसवायला सांगितली, पॉपलिनची. "सुती कापड अंगाला बरं," ही त्यांची आयुष्यभराची समजूत. भाची धावून आली तेव्हा बगल्या ओल्याचिंब होत्या आणि कातडी सोलवटली होती. ती भीत भीत म्हणाली, "नाना, सुती घाम धरून ठेवतं."

अब्बा थोडा वेळ गप्प बसले. पण तिचं खरं होतं. साध्या हवेतसुद्धा कापूस स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घाम येणाऱ्या अंगावर सुती कापड भिजून जड होतं आणि वाळायला वेळ लावतं. मग भाचीनं आपला जुना जाळीदार खेळाचा टी-शर्ट पुढे केला. त्यातून आम्ही दोन चौकोन कापले. जाळी ताणलीही जाते आणि जिथं घाम येतो तिथून हवाही खेळते. आतलं अस्तर अब्बांनी काढून टाकायला लावलं. "धावणारीला उशी कशाला?" म्हणाले. वाण्याच्या काट्यावर जॅकेट आधी पावणेचारशे ग्रॅम भरलं होतं, आता अडीचशेच्या आत आलं. बाही बोटभर लांब हवी होती, कारण कोपर वाकलं की ती मागे सरते. पण तयार कपड्यात तेवढा दाब नव्हता. ते राहिलं ते राहिलंच.

तालमीतल्या उस्तादासारखे अब्बा खाटेवरून हुकूम सोडत होते आणि मी पन्नाशी उलटलेला माणूस पुन्हा त्यांचा पोऱ्या झालो होतो. तयार कपडे आले तेव्हा दुकानाचं गिऱ्हाईक हळूहळू तुटलं. अब्बा त्यावर कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, कवितेतसुद्धा नाही. त्या दुपारी त्यांची बोटं मुंढ्यावर फिरताना पाहिली आणि किती मोठी विद्या आमच्या घरात तशीच पडून राहिली, ते कळलं.

बहिणीनं शिवलेलं जॅकेट हातात घेतलं, मुलीला घालायला लावलं, दोन्ही हात वर करायला सांगितले. कड जागची हलली नाही. ती एवढंच म्हणाली, "उद्या गजर लाव."

स्पर्धेत भाची सातवी आली. घरी येऊन तोंड पाडून बसली. अब्बांनी नंबर विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, "जॅकेट वर चढलं का?"

"नाही, नाना."

"दोन्ही हात हलले?"

"हो."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, "पुढच्या वेळी बाही बोटभर लांब करू."