काचेच्या पेटीतील दिवस



अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मले की सेक्टर ९ च्या रुग्णालयात त्याला काचेच्या पेटीत ठेवतात, हे भिलाईतील बहुतेक घरांना ठाऊक आहे. पेटी मुलाला वाढवीत नाही. ते स्वतःच्याच बळावर वाढते. पेटी ऊब देते, संसर्ग दूर ठेवते आणि वेळ मिळवून देते. नव्या सामाजिक उपक्रमालाही अशी पेटी लागते. अलीकडे तिला इन्क्युबेटर असेच म्हणतात. मुंबईच्या अनलिमिटेड इंडियासारख्या ना-नफा संस्था नवख्या कार्यकर्त्यांना थोडे बीजभांडवल, अनुभवी मार्गदर्शक आणि कामकाजाची घडी बसवण्यासाठी मदत देतात. नाव नवे असले तरी काम जुने आहे. त्याचे एक ठसठशीत उदाहरण या शहरापासून शंभर किलोमीटरच्या आतच सापडते.

भिलाईच्या झोतभट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथे १९७७ साली कंत्राटी खाणमजुरांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. शंकर गुहा नियोगी त्याचे नेते होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पोलीस गोळीबारात ११ जणांचा बळी गेला. पुढे लढ्याने मजुरी वाढली आणि वाढीव पैसा दारूच्या गुत्त्यात जाऊ लागला, तेव्हा संघटनेला घराच्या उंबऱ्याआतही पाहावे लागले. दारूबंदीची मोहीम निघाली, शाळा निघाल्या. संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई बाळंतपणात दगावल्या आणि आपले स्वतःचे रुग्णालय असावे, ही गोष्ट मजुरांच्या मनाने घेतली.

मात्र रुग्णालय एकदम उभे राहिले नाही, हेच येथे महत्त्वाचे. १९८१ मध्ये काही तरुण डॉक्टर येऊन मजुरांत मिसळले. आरंभी स्वच्छतेची आणि आरोग्यशिक्षणाची मोहीम झाली. २६ जानेवारी १९८२ रोजी लहानसा दवाखाना सुरू झाला. दरम्यान मजूर आपली पाळी संपवून बांधकामावर राबत होते. ३ जून १९८३ रोजी, गोळीबारातील मृतांच्या स्मरणार्थ, १५ खाटांचे शहीद रुग्णालय उघडले. मजुरांच्याच मुलामुलींना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवक करण्यात आले, आणि कारभाराच्या निर्णयांत डॉक्टरांच्या बरोबरीने मजुरांचाही आवाज राहिला. गरज नसलेले इंजेक्शन आणि सलाईन नाकारणारा डॉक्टर रुग्णाला सहसा आवडत नाही. तेथे ते नाकारता आले, कारण त्या नकारामागे रुग्णाच्याच संघटनेचा विश्वास उभा होता. असा विश्वास कोणत्याही अनुदानाच्या रकमेत बसत नाही. पहिल्याच वर्षी लाभार्थ्यांचा आकडा मागणारा एखादा देणगीदार पाठीशी असता, तर या कामाचे काय झाले असते, याची कल्पना केलेली बरी!

पेटीचाही एक धोका असतो. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे याच भिलाईत, हुडको वसाहतीतील घरात, झोपेत असलेल्या नियोगींची गोळी झाडून हत्या झाली. संघटनेत पुढे फाटाफूटही झाली. एका माणसाच्या छायेत वाढलेली किती कामे अशा वेळी करपून जातात! शहीद रुग्णालय टिकले. ते मजुरांच्या वर्गणीवर आणि श्रमावर उभे होते, बाहेरच्या कोणाच्या मर्जीवर नव्हते. ज्या दिवशी पेटी फुटली, त्या दिवशी मूल स्वतः श्वास घेत होते.

दुसरी वाट महाराष्ट्रातून येते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि अक्षरओळख नसलेल्या खेडुत स्त्रियांनाही गावाच्या आरोग्यसेविका केले. अशा प्रयोगांचे अनुभव पुढ्यात घेऊन नव्या छत्तीसगढ राज्याने २००२ मध्ये मितानीन कार्यक्रम आखला. राज्याच्या त्या सल्लामसलतीत दल्ली-राजहऱ्यात काम केलेले डॉ. विनायक सेन होते. कार्यक्रमाला सांभाळण्यासाठी शासनाने थेट खात्यावर भार न टाकता रायपूरला स्वतंत्र राज्य आरोग्य संसाधन केंद्र उभारले. ही त्याची काचेची पेटी. मितान बदण्याची, म्हणजे विधीपूर्वक सख्य जोडण्याची रीत येथील प्रत्येक गावाला परिचित असल्याने नावही परके वाटले नाही. २००५ मध्ये देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या आल्या, तेव्हा मितानीनचा अनुभव हाताशी होता.

माजी विद्यार्थ्यांची देणगी बहुधा इमारतीला मिळते, आणि ते स्वाभाविकच आहे. इमारतीला कोनशिला असते. पण वस्तीत सायंकाळची अभ्यासिका चालवणाऱ्या चार तरुणांचा उत्साह बहुतेक वेळा मावळतो तो पैशाअभावी नव्हे. न्यासाची नोंदणी, आयकराची कागदपत्रे, वार्षिक लेखापरीक्षण यांत ते गळाठतात. या सभागृहात पोलाद कारखान्याच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले कोणी बसले असतील. कोणी वकील असतील, कोणी शिक्षिका असतील. शाळेची एक खोली सायंकाळी रिकामीच असते. एक कपाट, एक टेबल आणि शनिवारचे दोन तास एवढ्यावर पहिली तीन वर्षे निघू शकतात.