वाढप्याची ओळख

बुद्धिबळाच्या महासंघावर बोला म्हणून मला पाच मिनिटं दिली आहेत. मोहरी कशी चालतात ते तुम्हाला ठाऊक आहे, गुकेश आणि आपली नागपूरची दिव्या देशमुख यांचं कौतुकही रोज कानावर येतं. मी बोलणार आहे वाढप्याबद्दल.

वाढपी ओळखीचा असला की पंगतीत शेवटी बसलं तरी जिलबी पानात पडते. महासंघ हा खेळातला वाढपी. अन्न त्याचं नाही, कार्य त्याच्या घरचं नाही. त्यानं पानोपानी सारखं वाढायचं. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ 1951 पासून हे काम करतो आहे. 2022 साली रशियातून हललेलं ऑलिंपियाड चेन्नईत काही महिन्यांत पार पडलं. एवढी मोठी पंगत उठवणं सोपं नव्हे, हे कबूल.

पण पान कुणाचं मांडायचं, हे वाढप्यानं ठरवायचं नाही. 1976 साली मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. वय तेरा. केवढा गहजब! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला, की बाई म्हणून कुणाला राष्ट्रीय स्पर्धेबाहेर ठेवता येणार नाही.

शहाणपण आलं म्हणावं, तर पुढे मान्यता नसलेल्या स्पर्धांत खेळले म्हणून काही खेळाडूंना महासंघानं भरल्या पानावरून उठवलं. शेजारी जेवलास ना, मग इथं पान नाही! त्याबद्दल 2018 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं महासंघाला दंड केला. हा आयोग बाजारातल्या स्पर्धेसाठी आहे हो! त्याला पटावरच्या स्पर्धेत पडावं लागलं.

कुणी आत्ताच रेडिओ लावला असेल, म्हणून पुन्हा सांगतो: पान नियमानं मांडायचं, वाढप्याच्या मर्जीनं नाही. महासंघवाले म्हणतील, मान्यता सैल सोडली तर जो तो स्पर्धा भरवील, मानांकनाला किंमत राहणार नाही. खरं आहे. मग आयोजकाला धरा ना! खेळायला आलेल्या पोराला कशाला? आईबाप उसनवारी करून त्याला गावोगाव... असो, तो वेगळाच विषय.

आणि पालकहो, रागावू नका, पण तुम्हीही कमी नाही. “संघटनेत कुणी ओळखीचं आहे का हो?” असे फोन मला येतात. अहो, मुलाचा अर्ज मुदतीत भरा, निवडीचे नियम मागून घ्या, वाचा. वाढप्याशी ओळख काढायला निघालात, की शेवटच्या पानावरचं पोर...

काचेपलीकडून खूण होते आहे. पंचांबद्दल बोलायचं राहूनच गेलं.