भिंतीचा आधार

घरात शिरलेला उंदीर खोलीच्या मधून सहसा धावत नाही; भिंतीच्या कडेकडेने सरकत तो आपली वाट शोधतो. या साध्या दृश्याचा अर्थ लावण्यात मानसशास्त्राची अनेक वर्षे गेली.

1934 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅल्विन हॉल यांनी उंदरांना प्रखर उजेडातील एका मोकळ्या, गोल रिंगणात सोडले आणि त्यांच्या मलमूत्रविसर्जनावरून त्यांच्या भावनिक क्षोभाचे माप घेतले. पुढे या रिंगणात उंदीर भिंतीलगत किती वेळ राहतो आणि मध्यभागी किती वेळा जातो, हेही मोजले जाऊ लागले. कडेला राहणारा तो भित्रा, मध्ये जाणारा तो धीट, असा हिशेब रूढ झाला. चिंता कमी करणाऱ्या औषधांची पारखही याच रिंगणात होऊ लागली.

या हिशेबात तथ्य आहे. उघड्या जागेत शिकारी पक्ष्याची झडप पडू शकते. भिंतीपाशी निदान एक बाजू सुरक्षित असते. परंतु भीती हे त्याचे संपूर्ण उत्तर नव्हे. उंदराची दृष्टी अधू असते. सेकंदाला अनेकदा पुढेमागे हलणाऱ्या मिशांनी तो जग चाचपतो. मोकळ्या मैदानात मिशांना काही लागत नाही. भिंत मात्र त्यांना सतत काही सांगत राहते.

1989 साली इस्राएलमधील डेव्हिड आयलम आणि इलान गोलानी यांनी उंदराच्या नव्या जागेतील भ्रमणाचा बारकाईने अभ्यास केला. उंदीर एखाददुसरी जागा आपला तळ म्हणून निवडतो, असे त्यांना आढळले. तेथून तो थांबत थांबत, सावकाश बाहेर पडतो आणि परतताना मात्र वेगाने येतो. वरवर सैरभैर वाटणाऱ्या त्या धावपळीत अशी शिस्त होती. पुढे 2008 साली, उंदीर कडेजवळ येताच सक्रिय होणाऱ्या चेतापेशी त्याच्या मेंदूत आढळल्याचे नॉर्वेतील संशोधकांनी प्रसिद्ध केले. म्हणजे भिंत ही त्याच्यासाठी केवळ आडोसा नसून जागेचे मोजमाप करण्याची खूणही आहे.

तेव्हा केवळ कडेला घालवलेली मिनिटे मोजून भीतीचा निवाडा करणे धोक्याचे आहे. औषधाने उंदराची भीती घटली, की त्याची चाल आणि जाणीवच बदलली, हे एका आकड्यावरून ठरत नाही. तो कोठून निघाला, कोठे थांबला आणि कसा परतला, हा सारा प्रवास पाहावा लागतो. भिंतीला धरून चालणारा प्रत्येक जीव भ्यालेलाच असतो असे नाही. कदाचित तो जागा समजून घेत असतो.