धंद्याचे देणे आणि घराचा उंबरठा



आजचा विषय रुक्ष आहे. परंतु शिवणकामाचा, छपाईचा किंवा गाडीदुरुस्तीचा लहानसा धंदा ज्यांनी मांडला आहे, त्यांच्या घरादाराशी तो निगडित आहे.

एकट्याच्या मालकीच्या धंद्यात धंदा आणि धनी असा भेद कायदा मानीत नाही. धंदा बुडाला की देणेकरी दुकानातील मालापाशी थांबत नाही. तो घरापर्यंत येतो. साध्या भागीदारीत तर एकाने केलेले देणे दुसऱ्याच्या घरातून वसूल होऊ शकते. सावकाराच्या वहीवर आजोबांनी उठविलेल्या अंगठ्याची किंमत नातवंडांनी मोजल्याचे आपण पाहिले आहे. तेव्हा याचा अर्थ आपणांस निराळा सांगावयास नको.

मर्यादित कंपनी म्हणजे काय? कायद्याने निर्माण केलेली निराळी व्यक्ती. लंडनमधील सॉलोमन हा चामड्याचे बूट करणारा कारखानदार. त्याने आपला धंदा कंपनीच्या नावे केला. भागधारक तो, त्याची बायको आणि पाच मुले. कंपनी बुडाली, तेव्हा सॉलोमन आणि कंपनी एकच, म्हणून देणी त्याने भरावीत, असा दावा झाला. खालच्या न्यायालयांनी तो उचलून धरला. १८९६ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. कंपनी निराळी, सॉलोमन निराळा. भागधारकाने भागाची रक्कम भरली की त्याचे दायित्व तेथे संपले.

आपल्याकडे २०१३ च्या कायद्याप्रमाणे दोघांना खाजगी कंपनी काढता येते, आणि एकट्यालाही एकव्यक्ती कंपनी काढता येते. किमान भांडवलाची अट २०१५ साली गेली. २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारीही करता येते. लहान उलाढालीला ती कमी खर्चाची पडते. काढणे, एकूण, सोपे आहे.

परंतु उभारलेली भिंत पुष्कळ वेळा आपणच पाडतो. बँक कंपनीला कर्ज देते आणि संचालकाची वैयक्तिक हमी मागते. त्या कागदावर सही झाली, की त्या कर्जापुरते मर्यादित दायित्व उरले नाही असे समजावे. दुसरे, गल्ल्यातून मुलीच्या लग्नाचा खर्च करावयाचा आणि घरच्या खात्यात कंपनीची बिले जमा करावयाची, ही सवय. कंपनीचा पैसा आपला नव्हे. वेतन घ्या, लाभांश घ्या, पण वहीत नोंदवून घ्या.

दर वर्षी हिशेबतपासनिसाकडून हिशेब तपासून घेणे, वार्षिक सभा भरविणे, ताळेबंद आणि विवरणपत्र निबंधकाकडे दाखल करणे बंधनकारक आहे. एकव्यक्ती कंपनीला सभेची सूट आहे, हिशेबतपासणीची नाही. उशीर झाल्यास प्रत्येक पत्रकामागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क पडते. दोन्ही पत्रके वर्षभर राहिली तर ७३,००० रुपये! लहान दुकानाचा नफा तेवढा असतो काय? सलग तीन वर्षे पत्रके न भरणाऱ्या कंपनीचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७ साली दोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्यांची नावे नोंदवहीतून कमी करण्यात आली. धंदा थांबला तर नुसते कुलूप लावू नये. देणी फेडून नाव कमी करण्याचा अर्ज रीतसर करावा.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. १९९० साली बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून चार टक्के खरेदी ठरविलेली आहे. खाजगी कंपनी असेल तर किमान ५१ टक्के भाग त्यांचे हवेत. मग एखादा पैसेवाला कंत्राटदार येतो आणि म्हणतो, “तुमचे नाव द्या, बाकी सारे मी पाहतो.” त्याला आपला हक्क हवा असतो, आपली मालकी नको असते. कागदावर ५१ टक्के आपले, आणि धनादेशावर सही त्याची! जीएसटी थकला आणि कंपनीकडून वसूल झाला नाही, तर तो संचालकाकडे मागता येतो. आपला गंभीर हलगर्जीपणा नव्हता हे सिद्ध करण्याचा भार संचालकावरच पडतो. ज्याने हिशेबाची वही कधी पाहिलीच नाही, तो काय सिद्ध करणार? असा कागद पुढे आला तर प्रथम विचारा, बँकेच्या खात्यावर सही कोणाची चालणार? आणि त्याचे उत्तर लेखी मागा.