बर्फातल्या वाटेवरची हातांची भाषा

मैत्रिणींनो, हातात निवडायचं काही असेल, विळी-पाटी असेल, तर घटकाभर बाजूला ठेवा. आज ऐकता ऐकता हात हलवायचे आहेत.

आज आपण फार लांबच्या मुलखात जाऊ. कॅनडा आणि अमेरिकेचा उत्तरेकडचा भाग, म्हणजे मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन ही राज्यं. तिथे हिवाळ्यात शेतं, रानं, तळी सगळं बर्फाखाली जातं. त्या बर्फावर चालणारी एक गाडी असते, तिला स्नोमोबाईल म्हणतात. पुढे चाकांच्या जागी दोन घसरपट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा, आणि बसायला मोटारसायकलसारखी सीट. आपल्याकडची मंडळी काश्मीरात गुलमर्गला फिरायला जातात, तेव्हा या गाडीवरून फेरी मारून येतात. कुणाच्या भाच्याच्या मोबाईलमध्ये फोटो असेलही.

ही गाडी आज तिकडे हौसेची झाली आहे, पण तिच्या जन्मामागे एका घरचं मोठं दुःख आहे. कॅनडात क्युबेक प्रांतात व्हालकूर नावाचं लहान गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए नावाचे एक मेकॅनिक राहत. बर्फावर चालेल अशा गाडीची त्यांची खटपट तरुणपणापासून चालू होती. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला पोटाचं भयंकर दुखणं झालं. रस्ते बर्फानं बंद होते. दवाखान्यात नेता आलं नाही आणि लेकरू गेलं. ओढ्याला पूर आलेला असताना कळा सुरू झालेल्या बाईला पलीकडे न्यायचं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. बोंबार्डिएंनी काम सोडलं नाही. १९३७ साली त्यांना त्यांच्या पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं आणि सात माणसं बसतील अशी बर्फावरची गाडी विकायला आली. पुढे १९५९ मध्ये एका-दोघांसाठीची हलकी गाडी आली, तिचं नाव स्की-डू.

आता मुद्द्यावर येऊ. रानातून या गाड्यांसाठी वाटा केलेल्या असतात. वाट अरुंद, दोन्ही बाजूंनी झाडं, आणि जाणारे-येणारे एकाच वाटेवर. लोक गटानं निघतात, एकामागे एक. इंजिनाचा आवाज, डोक्यावर हेल्मेट, आणि पुढच्या गाडीनं उडवलेला बर्फाचा भुगा. हाक मारली तर ऐकू जात नाही, मागे किती जण आहेत ते दिसत नाही. समोरून गाडी आली, तिला वाट दिली, आणि 'गेली एकदाची' म्हणून आपण मध्ये आलो, तर मागून आणखी चार गाड्या येत असतात. वळणावर असं झालं की समोरासमोर धडक. म्हणून तिथल्या लोकांनी हातांची भाषा ठरवली.

करून बघा आमच्याबरोबर. सगळं डाव्या हातानं.

हात सरळ बाजूला, खांद्याच्या रेषेत: मी डावीकडे वळतेय. कोपरात वाकवून पंजा वर: मी उजवीकडे वळतेय. हात डोक्यावर सरळ उंच, पंजा उघडा: थांबा. हात बाजूला खाली, तळवा जमिनीकडे, आणि वरखाली हलवायचा: हळू चला. मूल झोपलंय, आवाज कमी करा असं आपण खुणावतो ना, अगदी तसाच. पुढच्याला समोरून गाडी दिसली, तर तो हात वर घेऊन डोक्यावरून उजवीकडे नेतो. अर्थ असा, की समोरून कुणी येतंय, आपापल्या उजव्या कडेला व्हा. कारण तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात.

आणखी दोन खुणा राहिल्या, आणि आम्हाला त्याच सगळ्यात महत्त्वाच्या वाटल्या. समोरून येणाऱ्याला अंगठा खांद्यावरून मागे दाखवायचा: माझ्यामागे अजून आहेत. आणि रांगेतल्या शेवटच्यानं हात वर करून मूठ आवळायची: मी शेवटचा, आता वाट मोकळी. काही ठिकाणी मागे जितके असतील तितकी बोटं दाखवतात, शेवटचा मूठ दाखवतो. पद्धत कोणती वापरायची ते निघायच्या आधी गटानं ठरवायचं असतं.

या मुठीचा विचार करा. समोरचा माणूस अनोळखी. पुन्हा भेट होईल न होईल. पण आपली मूठ पाहून तो पुढे जायला निघणार आहे. एखादा मागे राहिला असेल आणि आपण न बघता मूठ दाखवली, तर त्या मागे राहिलेल्याच्या अंगावर आपणच गाडी धाडली. म्हणून जाणते लोक सांगतात, माहीत नसेल तर मूठ दाखवू नका.

हात डावाच का? तर या गाडीला रेस उजव्या अंगठ्यानं द्यायची असते. तो हात सोडून चालत नाही. पण ब्रेक असतो डाव्या हाताला. म्हणजे खूण करताना ब्रेकवरचा हात सुटतो. हा मोठाच पेच आहे, आणि त्यामुळेच वळणावर, खडबडीत वाटेवर किंवा वेगात असताना दोन्ही हात हँडलवर ठेवा असा सल्ला दिला जातो. आधी वेग कमी, मग खूण. खूण न झाल्यानं कुणी रागावत नाही. समोरच्यानंही समजून घ्यायचं, की खूण दिसली नाही म्हणजे वाट मोकळी आहे असं नाही.

हातांखेरीजही रीतभात आहे. माहीतगार माणूस पुढे, दुसरा माहीतगार सगळ्यांच्या मागे, नवखे मध्ये. गट चालतो तो सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीनं. वाट फुटते तिथे मागच्यानं आपल्याला पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. मागच्यानं आपल्या मागच्यासाठी तेच करायचं. एवढं पाळलं की दहा जणांत कुणी चुकत नाही. थांबायचं तर वळणावर नाही, चढाच्या माथ्यावर नाही. वाटेवरून बाजूला होऊन, रांगेत. वाट सपाट करणारं मोठं यंत्र समोर आलं तर कडेला थांबून त्याला जाऊ द्यायचं. चालणारी माणसं, घरं दिसली की वेग कमी. दारू पिऊन बसायचं नाही. आणि गोठलेल्या तळ्यावर बर्फाची जाडी मोजल्याशिवाय जायचं नाही. मिनेसोटाचं सरकारी खातं सांगतं, की पायी जायला नुकता गोठलेला पारदर्शक बर्फ किमान ४ इंच हवा, गाडीला त्याहून जास्त, आणि तरीही कुठलाच बर्फ शंभर टक्के भरवशाचा नसतो.

आपल्याकडे ना बर्फ, ना ती गाडी. आपली वाहनं डाव्या बाजूनं चालतात, म्हणून त्यांच्या खुणा जशाच्या तशा आपल्या कामाच्या नाहीत. पण आपणही अंधारात रांगेनं चालतो. पहाटे कापूस वेचायला जाताना, बचत गटाची बैठक उशिरा संपल्यावर, भजनाहून परतताना. बाजूनं उसाच्या ट्रॉल्या जातात, त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा नसतो. चालणाऱ्या बायका घोळक्यानं, गप्पा मारत, निम्म्या डांबरावर.

म्हणून आमचं एक म्हणणं आहे. निघताना मोजा, किती जणी आहोत. पुढे कोण, शेवटी कोण, ते नावानं ठरवा. दोघींकडे बॅटरी असू द्या, शेवटचीच्या अंगावर फिकट रंगाचं काही असू द्या. पायी चालताना रस्त्याच्या उजव्या कडेनं, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, एकीमागे एक चला. म्हातारी आत्याबाई असेल तर तिच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. रस्ता ओलांडला की पुढचीनं थांबायचं, आणि शेवटचीनं 'मी आले, मागे कुणी नाही' असं मोठ्यानं सांगायचं. सांगण्याआधी एकदा मागे वळून बघायचं.

येत्या बैठकीत हजेरी झाली की हे ठरवून घ्या, आणि शेवटी चालायचं काम दर वेळी एकीच्याच गळ्यात पडू देऊ नका. तुमच्या गटानं काय ठरवलं ते आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात सगळ्यांना सांगू. नमस्कार.