संशय मनातला आणि पडद्यावरचा



‘पुस्तक छान होतं, सिनेमावाल्यांनी वाट लावली,’ असा निकाल आपण सहज देऊन टाकतो. तो देताना आपण नेमकं मोजतो काय, हे एका हेरकथेवरून पाहू. जॉन बकन यांची ‘द थर्टीनाइन स्टेप्स’ ही कादंबरी १९१५ सालची. आल्फ्रेड हिचकॉक यांचा चित्रपट १९३५ चा.

फरक मोजायला बसलात तर दमाल. कादंबरीत हॅनेकडे आसरा घेऊन मारला जातो तो स्कडर. चित्रपटात त्याच्या जागी ॲनाबेला ही स्त्री आहे. कादंबरीतल्या एकोणचाळीस पायऱ्या खरोखरच समुद्राकडे उतरतात. चित्रपटात ते हेरांच्या संघटनेचं नाव. तिथे गुपित ब्रिटिश आरमाराचं, इथे आवाज न करणाऱ्या विमान-इंजिनाचं. आणि नायिका? कादंबरीत ती नाहीच.

पण खरा फरक संशयाचा आहे. कादंबरीच्या शेवटी हॅने शत्रूच्या घरात शिरतो, तर समोर पत्ते खेळणारी साधी, घरंदाज इंग्रज मंडळी! आपलंच चुकलं की काय, या शंकेने तो गोंधळतो. मग त्यांच्यातल्या एकाची बोटं गुडघ्यावर ताल धरतात आणि हॅनेला जुनी ओळख पटते. हा संशय मनातला. तो लिहिता येतो. पडद्यावर दाखवायचा कसा?

हिचकॉक यांनी तो मनाबाहेर काढला. इथे हॅनेची खात्री पक्की आहे. त्याच्यावर विश्वास मात्र फारसा कुणाचा नाही. ज्या पामेलाने त्याला आगगाडीत पोलिसांना दाखवून दिलं, तिच्याच हाताशी पुढे त्याचा हात बेडीने जखडला जातो. रात्री ती बेडीतून हात सोडवते. पळून जायला वाट मोकळी असते. पण हेरांचं बोलणं कानी पडतं आणि ती माघारी फिरते. जखडलेली असताना न बसलेला विश्वास हात सुटल्यावर बसतो.

हे बकन यांनी लिहिलेलं नाही. तरी ‘खरं ओळखायचं कशावरून?’ हा त्यांचाच प्रश्न इथे जिवंत आहे. तेव्हा पुढच्या वेळी चित्रपटगृहातून बाहेर पडताना काय गाळलं याची यादी जरूर करा. पण त्याआधी मूळ प्रश्न शिल्लक राहिला का, एवढं स्वतःला विचारा. तो राहिला असेल, तर दिग्दर्शकाने पुस्तक नीट वाचलं होतं असं खुशाल समजा.